घरी काय काय दिलं?

आमच्या घरात काविळीचं औषध दिलं जायचं. पिंगळी परभणी-नांदेड रेल्वेमार्गावर आहे. त्यामुळे आखाडापासून दिवाळीपर्यंत मिरखेल-पूर्णेकडून आणि इकडं परभणीकडून पहाटेच्या गाडीनं माणसं उतरायची आणि विचारत विचारत आमच्या ओट्यावर येऊन बसायची. डोळे पिवळे, तोंड उतरलेलं, सोबत कुणीतरी घरचं. औषध द्यायची माझी आजी. पैसे घ्यायची नाही. बरं वाटलं तर मारुतीपुढं नारळ फोडा, एवढंच तिचं मागणं.

औषधात लपवण्यासारखं काही नव्हतं. बांधावर पावसाळ्यात उगवणारी भुईआवळी मुळासकट उपटायची, धुवायची, पाट्यावर वाटायची आणि ताकातून अनशापोटी द्यायची. तेल, तिखट, दारू बंद. भाकरी-ताक, उसाचा रस, आणि पडून राहायचं. पाला आणायला आजी मला सोबत न्यायची. भुईआवळीसारखी दिसणारी दोन-तीन झुडपं त्याच बांधावर असतात. पानाखाली ओळीनं बारीक आवळ्यांसारखी फळं आहेत का, ते ती मला उलटं करून दाखवायची. मग काडी मोडायची. पांढरा चीक आला की ती दुधी. ती फेकून द्यायची आणि हात धुऊन घ्यायचा.

पण वाटण्याआधी ती जे करायची ते औषधापेक्षा मोठं होतं, हे मला परिचारिकेचं शिक्षण घेताना कळलं. ती आलेल्या माणसाला समोर बसवून विचारायची. "लघवी कशी व्हायली? किती दिवस झाले? उलटी व्हायली का? शौचाला काळं व्हायलंय का?" आणि मग सोबत आलेल्या माणसाला बाजूला घेऊन हळूच विचारायची, "रातच्याला झोपतो का? का दिवसभर झोपून राहतो अन् रातभर जागाच? बरळायला का?" याचं उत्तर हो आलं की ती पाट्याला हात लावत नसे. "हे माझ्या हातचं न्हाई, बापू. गाडी करा अन् परभणीला न्या. इथं बसू नका." यकृत निकामी होऊ लागलं की झोपेची उलटापालट होते, मग भ्रम होतो, हे पुढं आम्हाला वर्गात शिकवलं. आजीला त्याचं नाव माहीत नव्हतं, त्याचा अर्थ पक्का माहीत होता. पोटुशी बाई काविळीनं आली तर ती प्रश्नही विचारायची नाही. दोन जिवांची बाई आमच्या ओट्यावरून औषध न घेताच दवाखान्याकडे जायची. असा नियमच होता.

माझं आयुष्य सरकारी आरोग्य केंद्रांत गेलं. सुट्टीला गावी यायचं आणि नोकरीच्या गावी परत जायचं. या दोन्हीकडे जे पाहिलं त्यातून हे लिहिते आहे. आजी गेल्यावर तिचं औषध गावात राहिलं, तिचे प्रश्न राहिले नाहीत. पाला कुठला ते पाठ झालेले पुष्कळजण होते. कुणाला द्यायचा नाही हे कुणी पाठ केलंच नव्हतं. हळूहळू मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरू लागले. "पूर्वजांचा रामबाण उपाय" म्हणून कुठलंही झुडूप दाखवलेलं, खाली हात जोडल्याची चित्रं.

अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या एका घरची सून मी अंगणात पाहिली. आठवा महिना, आणि डोळे हळदीसारखे. गळ्यात काविळीची माळ. माळ आमच्या भागात नवी नाही. एका वेलीच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासांत घट्ट गुंफतात. सुरुवातीला ती डोक्यावरून जेमतेम उतरते, चार-सहा दिवसांत छातीपर्यंत येते, आणि लोक म्हणतात कावीळ उतरायली. काड्या वाळल्या की आकसतात, फास सैल होतात, दोरा लांबतो. तीच माळ खुंटीला टांगली तरी लांबतेच. सासूबाई मला माळच दाखवत होत्या. "बगा की सिस्टर, किती खाली आली." सून बसल्या जागी पेंगत होती.

मी पहिल्यांदा काहीच बोलले नाही. त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "मावशी, माळेसोबत पोटातून काय काय दिलं?" आधी काही नाही म्हणाल्या. मग, ताक दिलं. मग, थोडा पाला. कुठला पाला, ते मुलानं मोबाइलवर पाहून आणला होता. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्या आजीचंच औषध हाय, सिस्टर. त्याच्यावर आमचा भरोसा हाय." त्या तासाभरात गाडी केली. परभणी, आणि तिथून नांदेड. सून वाचली. बाळ गेलं.

गावात आमच्याकडे होते त्यातल्या बहुतेक काविळी दूषित पाण्यातून येणाऱ्या, 'अ' आणि 'ई' प्रकारच्या असतात. निरोगी तरुण माणसाची ही कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्याला विश्रांती आणि हलका आहार पुरतो. आजीच्या औषधाच्या यशाचा मोठा भाग हाच होता, हे मला मान्य करावंच लागतं. पण 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीसजणी दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे जो नियम आजीनं एकदाही मोडला नाही, तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. आणि तिचं नाव घेऊन तोच मोडला गेला.

म्हणून पहिली गोष्ट जी मी कुणालाही सांगते ती ही. जुनं औषध घ्यायचं असेल तर ते देणाऱ्या माणसाकडून घ्या, त्याच्यासमोर बसून घ्या, आणि त्याला एक प्रश्न नक्की विचारा: हे कुणाला देत नाही? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे तो जाणकार. जो म्हणतो सगळ्यांना चालतं, कशावरही चालतं, त्याच्या ओट्यावरून उठून या. व्हिडिओला हा प्रश्न विचारता येत नाही. आणि कावीळ झालेल्या माणसाची रक्ततपासणी करून घ्या, मग ताक प्यायचं असेल तर प्या. 'ब' प्रकारची कावीळ वर्षानुवर्षं अंगात मुरून राहू शकते आणि बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो.

भुईआवळीत काहीच नाही असं मात्र मी म्हणत नाही. 'ब' काविळीचा विषाणू शोधल्याबद्दल ज्यांना १९७६ साली नोबेल मिळालं, त्या बरुच ब्लुमबर्ग यांनी आणि मद्रासच्या त्यागराजन यांनी याच झुडपावर काम केलं. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. 'ब' काविळीचे वाहक असलेल्या ३७ जणांना महिनाभर भुईआवळीची भुकटी दिली. त्यातल्या २२ जणांच्या रक्तातून त्या विषाणूची खूण गेली, आणि नुसती खोटी पुडी दिलेल्या २३ जणांत एकाचीच गेली. जगभर गाजावाजा झाला. पुढं इतर ठिकाणी हेच करून पाहिलं तेव्हा तसं यश आलं नाही. झुडपाची जात वेगळी होती का, हंगाम वेगळा होता का, की पहिलाच निष्कर्ष घाईचा होता, यावर बरीच चर्चा झाली. मला यातला आदर भावतो. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं बांधावरचं झुडूप हलकं मानलं नाही, आणि झुडपावर भक्तीही केली नाही. तपासलं, आणि दुसऱ्यांना तपासू दिलं.

आता माझ्या स्वतःच्या व्यवसायातल्या लोकांशी बोलायचं आहे, कारण इथं आमचा दोष मोठा आहे. दवाखान्यात आलेल्या बाईनं "घरी पाला दिला" म्हटलं की आम्ही तोंड वाकडं करतो. "कशाला दिला? अडाणी आहात का?" असं ऐकवणारे मी किती पाहिले. त्याचा परिणाम एकच होतो. पुढच्या वेळी ती सांगत नाही. आणि न सांगितलेलं औषध फार घातक ठरतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत आणि वरून काढा चालला आहे, साखरेच्या गोळीवर कारल्याचा रस चालला आहे, हे आम्हाला कळतच नाही. मग साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध होतो आणि आम्ही कारण शोधत बसतो. मी पुढं एक सवय लावून घेतली. पेशंटचं नाव-गाव लिहून झालं की त्याच सुरात विचारायचं, "घरी काय काय दिलं?" दिलं का, असं नाही विचारायचं. दिलंच असणार हे धरून विचारायचं, जसं जेवणाचं विचारतो तसं. आणि ऐकल्यावर चेहरा हलू द्यायचा नाही. बाया मग सगळं सांगतात. हळद-दूध सांगतात, अंगारा सांगतात, कुणी दिलं, किती दिलं तेही सांगतात. ते कागदावर लिहायचं. तरुण डॉक्टर आणि परिचारिकांनी एवढं केलं तरी पुष्कळ जीव वाचतील असं माझं मत आहे.

सगळं सांगावंसं वाटण्याचा हा विश्वास दवाखान्याच्या भिंतीतही आणता येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या आदिवासींना दवाखाना कसा हवा हे त्यांनाच विचारलं. लोकांनी घोटुल या त्यांच्या सामूहिक घरासारखी, आपल्या घरांसारखी बांधणी सुचवली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव द्यायला सांगितलं. तो 'माँ दंतेश्वरी दवाखाना' झाला. राणीताईंनी तिथल्या बायांकडून झाडांची माहिती ऐकून 'गोईण' हे पुस्तक लिहिलं. सलाईन, शस्त्रक्रिया, प्रयोगशाळा सगळं आत आहेच. पण दारातून आत येताना माणसाला आपला देव बाहेर ठेवून यावं लागत नाही.

करोनाच्या काळात गुळवेलीचं जे झालं तेही सांगायला हवं. आमच्याकडे गुळवेल कडुनिंबावर चढलेलीच घ्यायची रीत. आजी ती तापाच्या उतारात, बोटभर लांबीची काडी ठेचून, दोन-चार दिवस द्यायची आणि थांबवायची. २०२० मध्ये लोकांनी झाडंच्या झाडं सोलली आणि महिनोन्महिने रोज काढा प्याले. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली सहाजणांची नोंद छापली, गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्यांची. त्यातल्या काहींना आधीपासून स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं यकृताला इजा होण्याचा आजार असावा, असंही त्यांनी लिहिलं. आयुष मंत्रालयानं हे नाकारलं आणि दिसायला तशीच असणारी दुसरी वेल घेतली गेली असावी असं म्हटलं. पुढं अनेक शहरांतल्या रुग्णालयांनी मिळून आणखी रुग्णांचा अभ्यास छापला. हा वाद मी सोडवू शकत नाही. पण दोन्ही बाजूंनी निघणारा व्यवहार एकच आहे. ओळख पटल्याशिवाय वेल तोडू नका, ठरल्यापेक्षा जास्त दिवस घेऊ नका, यकृताचा जुना आजार असेल तर घेऊच नका, आणि डोळे पिवळे झाले तर ताबडतोब थांबवा. आमच्या जुन्या बायका काढा "उतार पडेपर्यंत" देत. रोज, कायम, निरोगी माणसानं घ्यायचा काढा त्यांना माहीत नव्हता.

बिब्ब्याचंही तसंच. टाचेची भेग, पायात मोडलेला काटा, यांवर बिब्बा तापवून त्याचं तेल टोचतात. गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जाते. पण बिब्बा उतला की कातडी भाजल्यासारखी सोलून निघते, फोड येतात, खाज महिनाभर जात नाही. आयुर्वेदातही तो पोटात देण्याआधी विटेच्या भुकटीत घोळून शुद्ध करायला सांगितलं आहे. आजी बिब्बा फोडायच्या आधी हाताला खोबरेल चोपडायची, आणि तान्ह्या लेकराच्या पोटावर बिब्ब्याचे चटके द्यायला कुणी आलं तर त्याला दारातून परत पाठवायची. मेळघाटात लेकराचं पोट फुगलं की तापल्या विळीनं डागतात, त्याला डंबा म्हणतात. पोट फुगण्यामागं न्यूमोनिया असतो, जंतुसंसर्ग असतो, आणि डागण्यात दोन दिवस जातात. पूर्वजांनी केलं म्हणून हे जपायचं, असं मला कुणी सांगितलं तर मी ऐकणार नाही. पूर्वजांतही चटके देणारे होते आणि त्यांना दारातून परत पाठवणारेही होते. आपण कुणाचा वारसा घ्यायचा हे आपल्याला ठरवता येतं.

वारशाचा विषय निघाला की आपण फार सोवळेपणानं बोलतो. चरक-सुश्रुतांचं नाव घेतो, आणि ज्यांच्या हातात हे ज्ञान रोज राबत होतं त्यांना विसरतो. आमच्या भागात सुईणपण बहुतेक मातंग समाजातल्या बायांकडे असायचं. रात्री-अपरात्री त्यांना बोलवायचं, त्यांच्या हातून बाळ जगात यायचं, नाळ त्यांनी कापायची. आणि बाळ-बाळंतीण न्हाऊ-माखू झाल्यावर त्यांनाच चहा वेगळ्या कपात, ओट्याच्या खाली. स्टेशनजवळ पालं टाकून राहणारे वैदू, खांद्याच्या झोळीत मुळ्या घेऊन फिरणारे, त्यांच्या औषधाला गाव विचारायचं आणि त्यांना पाणी वरून ओतायचं. वैदूंना आजही कित्येक ठिकाणी राहायला हक्काची जागा नाही. त्यांच्या मुळ्यांचा गौरव करणारा लेख लिहिण्याआधी त्यांच्या पोरांचं जातीचं प्रमाणपत्र आणि शाळेचा दाखला झाला का, एवढं विचारलं तरी तो खरा आदर झाला असं मी समजते.

सुईणींबद्दल आणखी एक. जुनं ज्ञान गोठलेलं असतं असं वाटणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहावं. नाळ विळ्यानं किंवा हाती आलेल्या पात्यानं कापून वर राख, शेण लावायची पद्धत पूर्वी होती, आणि त्यातून धनुर्वातानं कितीतरी बाळं सातव्या-आठव्या दिवशी जायची. सरकारनं सुईणींना प्रशिक्षण दिलं तेव्हा आमच्या केंद्रातही त्या यायच्या. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं पातं, उकळलेला दोरा, नाळेला काही लावायचं नाही, हे त्यांनी असं उचललं की शिकवणाऱ्यांना आश्चर्य वाटलं. आईला गरोदरपणात लस, आणि नाळेला स्वच्छ पातं. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्यात त्या बायांचा वाटा आहे. बाळंतिणीला धीर कसा द्यायचा, कंबर कशी चोळायची, पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे का हे कसं ओळखायचं, हे मात्र मी त्यांच्याकडून शिकले, आणि ते कुठल्या पुस्तकात मला तितकं नीट सापडलं नाही.

सापाच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. आमच्याकडे पेरणीपासून कापूस-सोयाबीनच्या काढणीपर्यंत शेतात साप चावतात. साप उतरवणारे प्रत्येक चार-पाच गावांत एक असतात, आणि त्यांच्या हातून माणसं उठून घरी गेलेली लोकांनी पाहिलेली असतात, हेही खोटं नाही. कारण चावणाऱ्या सापांपैकी बरेच बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अंगात भिनलं असेल तर मंत्रात गेलेला प्रत्येक तास वाया जातो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे. मण्यार चावल्याची कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, इतकंच. हालचाल न करता, चिरा न देता, करकचून न बांधता, १०८ला फोन करून थेट प्रतिविषाची लस असेल तिथं न्यायचं. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य घातलं तो हा कायदा.

कायदा हातात असला तरी गावात मी त्याचा धाक फारसा दाखवला नाही. शेजारच्या गावातल्या साप उतरवणाऱ्या बाबांकडे गेले, त्यांच्या पाया पडले, कारण ते वडीलधारे होते, आणि सांगितलं, "बाबा, लोक आधी तुमच्याकडंच येणार. तुम्ही म्हणालात तर अर्ध्या तासात दवाखान्यात जातील, मी म्हणाले तर दोन तास वाद घालतील. तुमचा अंगारा लावा अन् गाडीत बसवून द्या." ते लगेच कबूल झाले नाहीत. पण पुढं त्यांच्याकडून आलेली माणसं आमच्या केंद्रात वेळेवर उतरू लागली. काही घरांत तर बाबाच सोबत यायचे.

विंचवाच्या बाबतीत तर आपल्या मराठवाड्याच्याच माणसानं रस्ता दाखवला. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला राहून लाल विंचवाच्या दंशानं मरणारी माणसं पाहत होते. रात्ररात्र पेशंटजवळ बसून त्यांनी नोंदी केल्या आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून मृत्यू अगदी खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि सापाचं ज्ञान ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं त्या तमिळनाडूच्या इरुळा आदिवासींनी १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली. साप मारून कातडी विकण्याऐवजी ते विष काढून देतात. देशातल्या प्रतिविषाच्या लसीला लागणारं बरंचसं विष त्यांच्याकडून येतं. त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ साली पद्मश्री दिली गेली. परंपरेचं ज्ञान जपायचं म्हणजे कसं, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देते. ज्यांचं ज्ञान, त्यांच्याच हातात रोजगार आणि मान, आणि त्याचा उपयोग दवाखान्यातल्या सुईपर्यंत.

शेवटी, लिहून घेणाऱ्यांबद्दल. आजी असताना एक सुशिक्षित गृहस्थ आमच्याकडे येऊन बसले होते. वही काढून सगळं विचारलं, पाल्याची पोती भरून नेली, फोटो काढले. परत कधी आले नाहीत, आणि लिहिलेलं काय झालं तेही कळवलं नाही. आजीला पैशाचं काही वाटलं नाही. "निदान पाला गुणाला आला का तेवढं तरी सांगायचं होतं," एवढंच ती म्हणाली. आपल्या ज्ञानाचं पुढं काय झालं हे कळण्याचा हक्क देणाऱ्याला असतो. संशोधन करणाऱ्या, प्रबंध लिहिणाऱ्या पोरांना मी हे नेहमी सांगते.

यात पैशाचाही प्रश्न आहे, तो संकोचानं बाजूला ठेवू नये. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते पेटंट लढवून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. त्यासाठी संस्कृत ग्रंथ आणि जुने छापील लेख पुरावा म्हणून द्यावे लागले. घराघरातल्या आज्यांनी कापलेल्या बोटावर शतकानुशतकं हळद दाबली, ते तिथं पुरावा म्हणून चाललं नसतं. केरळात तीन तरुण कानी आदिवासी वाटाड्यांनी १९८७ साली शास्त्रज्ञांना थकवा घालवणारी एक वनस्पती दाखवली. त्यातून 'जीवनी' नावाचं औषध निघालं आणि मिळालेल्या रकमेतला अर्धा वाटा कान्यांच्या न्यासाला देण्याचं ठरलं. तरीही त्यांच्यातल्या काही वैद्यांनी आक्षेप घेतला, की आम्हाला विचारलं नव्हतं. तीन तरुणांनी सांगितलं म्हणजे समाजानं सांगितलं असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा मला रास्त वाटतो.

२००२च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आणली. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही बाहेरच्या माणसाकडून एका आठवड्यात भरून घेतली जाते आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात जाते. २०२३च्या दुरुस्तीनं ग्रंथांत लिहिलेल्या ज्ञानाच्या वापराला लाभ वाटून देण्यातून सूट मिळाली. त्यामुळे जे ग्रंथांत नाही, जे वैदूच्या आणि सुईणीच्या तोंडी आहे, ते नीट नोंदवण्याची गरज आणखी वाढली आहे. तुमच्या गावात हे काम चालू असेल तर स्वतः जाऊन बसा. झाडाचं स्थानिक नाव, कुठल्या बांधावर मिळतं, कुठल्या महिन्यात, त्यासारखं दिसणारं दुसरं कुठलं, आणि कुणाला द्यायचं नाही, हे रकाने आधी भरा. ज्यानं सांगितलं त्याचं नाव त्याला विचारूनच लिहा. एखाद्या म्हाताऱ्या वैदूनं सांगितलं की हे मी फक्त माझ्या नातवाला देणार, तर तो रकाना रिकामा ठेवा आणि आग्रह करू नका. नोंदी झाल्यावर ज्यांच्याकडून घेतल्या त्यांना बोलवा, त्यांना वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवा, त्यांना नको असेल तो मजकूर त्यांच्यासमोर काढून टाका, आणि मगच त्यांचा अंगठा किंवा सही घ्या.